रिठ्याचं पाणी आणि काजळी पाहुणा

कार्ले, ता. मावळ
२० ऑगस्ट

चि. समीक्षा हिस आबाचा सप्रेम जय भीम व अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

इकडे आम्ही दोघं ठणठणीत. म्हैस जड झालीय, आज-उद्या कधीही विईल. वादळात तुमच्याकडचा मोबाईलचा टॉवर आडवा झाल्याचं सत्यमने सांगितलं. तसंही फोनवर तू बोलतेस आणि मी नुसतं हां हां करतो, ऐकू येतं कुणाला! तेव्हा पत्रच बरं. शेजारच्या नथूचा हा सत्यम हर्णैहून मासळीचा टेम्पो घेऊन लोणावळ्याला ये-जा करतो, त्याच्याच हाती देतोय. कागदाला मांदेलीचा वास आला तर नाक मुरडू नकोस. समुद्राकाठी पाखरं मोजत हिंडणारीच्या कपड्यांना तरी कुठला अत्तराचा वास येत असेल!

आता खरी बातमी. समे, आपल्या घरी समुद्राचा पाहुणा आलाय! परवाच्या त्या वाऱ्यात नथू खाचराचा बांध बघायला गेला, तर भातात काळी छत्री पडलेली दिसली. लोणावळ्याला आलेल्या कुणा पर्यटकाची उडाली असेल, घेऊ या, म्हणून वाकला, तर छत्रीने त्याचं बोट धरलं. असा बोंबलत आला घरी, की दत्ता, आरं छत्री चावली मला! मी गेलो पळत. पाहतो तो पाखरू. अंग कबुतराएवढं, पण पंख म्हणशील तर अंगाहून लांब, मिटले की शेपटीवर कात्रीसारखे एकावर एक येतात. चोच काळी, सरळ, दाभणासारखी. पाय इवलेसे आणि बोटांमध्ये बदकासारखा पडदा. मी लगेच ताडलं, हे आपल्या इंद्रायणीच्या काठचं नव्हे.

तुझं ते किनाऱ्याच्या पक्ष्यांचं पुस्तक काढलं आणि पान न् पान चाळलं. त्यातली सगळी मंडळी पोटाकडून पांढरी नाहीतर राखाडी, आणि हे तर सगळंच तव्याच्या बुडासारखं काळं. पण तुझा आबा काय नुसता रेल्वेच्या फाटकाचं लोखंड वरखाली करत होता होय? बेगडेवाडीला नोकरीत असताना इंजिनाच्या तेलाने माखलेला बगळा मी पाहिलाय. म्हटलं, हा मूळचा समुद्रावरचा पांढरा कुरवच, वादळात हायवेला कुठे डांबरात नाहीतर डिझेलात लोळलाय. पुरावासुद्धा सापडला. पाठीवर तांदळाची कणी सांडावी तसे पांढरे ठिपके आहेत, म्हणजे तेवढ्या जागी काजळी धरली नाही!

मग काय, तुझ्या आजीने पाणी तापवलं, रिठे कुटले, फेस काढला. तुला न्हाऊ घालायची तशी पाय पसरून बसली आणि पायावर घेऊन त्याला चांगलं चोळून काढलं. शेपटीखाली पांढुरकं निघायला लागलंय. एका धुण्यात सगळं कुठे जायचं, परवा पुन्हा एकदा घालू म्हणते. रविवारपर्यंत बगळ्यासारखा करून दाखवते, अशी तिची पैज आहे. नथूचं म्हणणं, पान्यातलं पाखरू हाय त्ये, वळवणच्या तळ्यात सोडून दे, पोहत जाईल. तू एवढंच कळव, की हा कुरव कुठल्या जातीचा, आणि तळ्यात कधी सोडू.

बुद्धजयंतीपासून घरी फिरकली नाहीस, आजी रोज रस्ता बघते. लोभ आहेच, वासासकट असू दे.

तुझा आबा, दत्तोबा

आंजर्ले
२१ ऑगस्ट

ती. स्व. आबा व आजी यांस समीक्षाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

बाकीचं मागाहून वाचा, आधी एवढं वाचा. त्याला आता धुवू नका. एक थेंबसुद्धा पाणी अंगावर घालू नका आणि तळ्यात तर मुळीच सोडू नका. सत्यमला मी बजावलंय, की गाडी बंद करण्याआधी फाटकातूनच हे ओरडून सांग.

आबा, तो काळाच आहे. काजळी नाही, डांबर नाही, त्याचे पंखच त्या रंगाचे. पक्ष्याच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची एक गाठ असते. तो चोचीने ते तेल घेतो आणि पीस न् पीस माखून ठेवतो, आपण छत्री मेणवावी तसं. आजीच्या रिठ्याने ते तेल गेलं असणार. आता त्याचं अंग पाणी पितं, आणि भिजलेला पक्षी गारठूनच मरतो. तुम्ही दोघांनी मायेनेच केलं, मला ठाऊक आहे, पण माझा जीव टांगणीला लागलाय.

त्याला कोरड्या खोक्यात सुती कापडावर ठेवा, चुलीच्या उबेला, पण धुरात नको. सत्यमबरोबर बर्फात मांदेली पाठवलीय. अख्खी द्यायची, डोक्याकडून, चोचीजवळ धरायची. घशात पाणी ओतू नका. आणि वनखात्याच्या माणसांना लगेच कळवा, असा पक्षी त्यांना न सांगता घरात ठेवता येत नाही.

आता तो कोण? तुमच्या पत्रावरून माझ्या डोळ्यांपुढे तिघं उभे राहिले. एक शियरवॉटर. हा पाण्यावर बदकासारखा निवांत बसतो, पण सपाट जमिनीवरून त्याला उठता येत नाही. दुसरा नॉडी, लक्षद्वीपच्या बेटांवर घरटी करणारा. तिसरा एका जातीचा सुरय, त्याच्या पिसांना इतकं कमी तेल असतं, की खोल समुद्रात जन्म काढूनही तो पाण्यावर बसत नाही. बसला तर भिजून बुडतो! तिघेही लांबून काळेच दिसतात. म्हणून सोडायचं कसं, हे तो कोण त्यावर आहे. एकाला तळं म्हणजे माहेर, दुसऱ्याला तेच तळं विहिरीसारखं.

तेव्हा तुमचा तो चष्मा पुसून नीट बघा. चोचीवर वरच्या बाजूला नाकाची नळी उठून दिसते का? शेपूट मिटल्यावर टोकाला चिरलेलं आहे, की पाचरीसारखं निमुळतं? डोक्यावर फिकट टोपी आहे का? ते पांढरे ठिपके बोटाने चोळल्यावर जातात, की पिसाच्या कडेलाच आहेत? आणि छाती कुठल्या रंगाची?

टेम्पो सुटतोय. आजीला सांगा, रागावलेली नाही, घाबरलेय. माया आहेच, उत्तर मात्र उलट टपाली, म्हणजे उलट टेम्पोने.

तुमची समी

कार्ले
२२ ऑगस्ट

चि. समीक्षा हिस अनेक उत्तम आशीर्वाद व जय भीम. वि. वि.

सत्यम फाटकातून ओरडला तेव्हा पाणी चुलीवर तापलेलं होतं, रिठ्याचा फेस परातीत होता आणि आजी पदर खोचून पाय पसरत होती. मला ऐकू आलं नाही, पण तिला आलं. सबंध हंडा तिने जास्वंदीच्या बुडात ओतला. म्हणते, आवं, म्या लेकरू उघडं पाडलं.

पाखराची दशा बघवत नव्हती. पिसं चिकटून नुसती हाडं दिसायची, मान आत ओढलेली, डोळ्यावर पांढरा पडदा. थरथरत होतं. मी धरायला गेलो की चोच उगारायची तेवढी ताकद होती. सकाळची भाकरी आम्ही दोघांनीही तशीच झाकून ठेवली. नथू डोकावला आणि खांद्यावरचं सुकं उपरणं खोक्यात अंथरायला देऊन गेला, त्यावरून काय ते समज.

मांदेली माझ्या हातून घेईना. मी चोचीशी धरायचो, ते तोंड फिरवायचं. शेवटी आजीने एक मांदेली शेपटीला धरली आणि हलवत बसली. हातातल्या बांगड्या वाजत होत्या. त्या आवाजाने म्हण की मासळी हलली म्हणून म्हण, ह्याने मान लांब केली आणि टप्! गिळली की डोक्याकडून! आजीने आनंदाने जी किंकाळी मारली ती मलासुद्धा ऐकू आली. मग दुसरी घेतली, तिसरी घेतली. आता माझ्याकडे ढुंकून बघत नाही. घरात मला विचारणारं आधीच कुणी नव्हतं, त्यात आणखी एकाची भर.

तू विचारलेलं सगळं मी नीट बघितलं. चोच गुळगुळीत आहे, वर नळी-बिळी काही नाही. शेपूट टोकाला चिरलेलं, पाचर नव्हे. टोपी नाही, डोकं अंगाहून गडदच. छाती काळपट तपकिरी, आणि शेपटीखाली तेवढं पांढुरकं, ते आजीने धुऊन काढलेलं नसून मूळचंच असावं असं आता वाटतं. ठिपक्यांची तर मला मोठी मौज वाटली. भिंगातून बघितलं, तर प्रत्येक पिसाच्या टोकालाच पांढरी किनार, लुगड्याच्या काठासारखी. काजळी असली काठ धरून थोडीच बसते! हे मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं. पण तेव्हा मी काय बघायचं ते आधीच ठरवलेलं होतं.

नथू म्हणतो, तिघं एकसारखे काळे म्हणजे सख्खे भाऊच की. मी म्हटलं, तसं असतं तर तू आणि मी तोंडावळ्याने सारखे, म्हणून माझ्या बांधावर तुझं नाव लागलं असतं. तुझ्या शास्त्रातही असंच ना, रंगावर भावकी ठरत नाही?

वनखात्याच्या रेणुकाताई येऊन गेल्या. बाई मोठी समजदार. म्हणाल्या, तुमच्या हातून खातंय तर जागा बदलू नका, मी रोज चक्कर टाकीन. पण समे, अजून तो थरथरतोय. जगेल का, एवढं खरं सांग. गोड बोलू नकोस.

लोभ असावा, आणि ह्या वेळी जास्तच असावा.

आबा

आंजर्ले
२४ ऑगस्ट

ती. स्व. आबा व आजी यांस सप्रेम जय भीम. वि. वि.

आबा!!! मी तुमचं पत्र हर्णैच्या बंदरावर उभ्याने वाचलं आणि इतक्या जोरात ओरडले, की मासळीचा लिलाव थांबला. कोळणींना वाटलं, माझं लग्न ठरलं.

नळी नाही, म्हणजे शियरवॉटर गेला. शेपूट चिरलेलं आणि टोपी नाही, म्हणजे नॉडी गेला. उरला सुरय. सुरयांमध्ये पाठ काळी असणारे आपल्याकडे दोन, पण त्यातल्या एकाचं पिल्लू पोटाने पांढरं असतं. छातीसुद्धा काळी आणि पाठीवर कणी सांडलेली, असं ह्या बाजूला एकच. सूटी टर्न. सूट म्हणजे काजळी, म्हणून आपण काजळी सुरय म्हणू. बघा, नावातच काजळी आहे, ती आजीच्या रिठ्याने जाणार कशी! आणि हे पिल्लू आहे, आबा. ह्याच वर्षी अंड्यातून निघालेलं, कुठल्याशा बेटावरच्या वाळूत. पहिल्याच उड्डाणात वादळाने उचललं आणि सह्याद्री ओलांडून नथूकाकांच्या भातात टाकलं.

तुम्ही म्हणता तसंच आहे, रंगावर भावकी ठरत नाही. शियरवॉटर आणि सुरय दिसायला सारखे, पण त्यांचं कूळच वेगळं. उलट पांढराधोप कुरव आणि हा काळा सुरय एका घराण्यातले. तुमचा पहिला अंदाज घराण्यापुरता बरोबर होता! आणि पुस्तकात तुम्हाला तो सापडला नाही, कारण त्यात मोठाच पक्षी काढलाय. मोठा झाला की पाठ काळी, पोट शुभ्र. पिल्लू कुणी काढतच नाही. मी कोळ्यांसाठी किनाऱ्याच्या आणि बेटांवरच्या पक्ष्यांची जी खिशातली पुस्तिका करतेय, तिच्यातही मी मोठाच काढला होता. काल बसून कणी सांडलेलं पिल्लू काढलं. आणखी एक केलं. पहिल्या पानावर आता रंग विचारलेला नाही. पहिला प्रश्न असा, की हा पाण्यावर बसतो का?

जगेल का, म्हणून विचारलंत. खात आहे, चोच उगारतो आहे, ह्या दोन्ही गोष्टी चांगल्या. पण गेलेलं तेल त्याला स्वतःच परत चढवावं लागेल. तो अंग विंचरायला लागला, की समजा मनावर घेतलंय. त्याने नाही घेतलं, तर मात्र आपल्या हातात काही नाही. गोड बोलले नाही, बघा.

आणखी एक सांगते, त्यावरून पिसांचं मोल कळेल. ह्या जातीचं लेकरू एकदा समुद्रावर गेलं, की काही वर्षं जमिनीवर उतरतच नाही. पाण्यावर बसत नाही, खडकावर टेकत नाही. खाणं उडता उडता, झोपही बहुतेक उडता उडताच. मोठं होऊन अंडी घालायला बेटावर येईल, तेव्हाच पाय जमिनीला लागायचे. म्हणून त्याला घाईने सोडता येत नाही. एकदा गेला, की त्याला थांबायला जागा नाही.

तयार झाला की नाही, हे असं बघा. परसातल्या अळूच्या पानावर पाणी कसं मोत्यासारखं घरंगळतं? पाठीवर बोटाने दोन थेंब शिंपडायचे. तसेच घरंगळले तर तयार. मुरले तर अजून थांबायचं. आणि सोडायचं समुद्रावरच, इथे माझ्याजवळ.

आजीच्या बांगड्यांना माझा मुका.

समी

कार्ले
२९ ऑगस्ट

चि. समीक्षा हिस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

घरंगळले! समे, थेंब घरंगळले!

सगळं सुरुवातीपासून सांगतो. तुझं पत्र आलं त्या दिवशी त्याने काहीच केलं नाही, नुसता बसून. दुसऱ्या दिवशी चोच शेपटीकडे नेली, एक पीस धरलं, मुळापासून टोकापर्यंत ओढलं आणि दमून गेला. आजी म्हणाली, व्हय, असंच, लय शाना माझा. मग जो लागला विंचरायला! पंखाखाली, पाठीवर, छातीवर. लग्नाला निघालेली बाई आरशापुढून हलेल, पण हा हलेना. पहिल्यांदा थेंब शिंपडले ते मुरले. आजीचा चेहरा असा उतरला, की मी पुढचे दोन दिवस तिला अळूच्या पानाजवळ जाऊच दिलं नाही. आज रेणुकाताईंसमोर पुन्हा शिंपडले. एक मोती पाठीवरून निघाला, कणी चुकवत चुकवत खाली आला आणि आजीच्या पायावर पडला. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. नथूने बांधावरून विचारलं, कोण निवडून आलं रं?

आता तो खोलीत ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उडतो आणि वळणावर माझी टोपी पाडतो. रेणुकाताईंनी समुद्रावर न्यायची परवानगी करून दिली. त्या स्वतःच निघणार होत्या, पण दरड कोसळल्याने सगळी माणसं तिकडे लागलीत. सत्यम म्हणतो, उद्या सकाळी रिकामा टेम्पो खाली जाणार, केबिनमध्ये दोघांची जागा आहे.

तर आम्हा दोघांत कोण निघणार, हे तू ओळखलंच असशील. मी सदरा काढून ठेवला होता, दुर्बिणीची काच पुसली होती. पण म्हशीने सकाळपासून वैरणीला तोंड लावलेलं नाही, आजच्या-उद्यात खचित विणार. घरात एकाने राहायलाच हवं. आजी म्हणाली, तुमी जा, पाखराचं येड तुमचं. मी म्हटलं, वाटेत ते भुकेलं तर? ते माझ्या हातून खातं का? खातं तिच्याच हातून, तेव्हा जायचंही तिनेच. उगीच डोळे पुसू नकोस. फाटकावर सगळा जन्म लोकांना जाताना बघण्यात गेला, मला सवय आहे. फक्त एक कर. तो कसा गेला ते मला नीट लिही. छान गेला, मस्त गेला असलं लिहू नकोस. पंख कसे होते, वारा कुठून होता, आधी डावीकडे गेला की उजवीकडे, सगळं.

आजी मासळीच्या गाडीत पुढे बसून जाणार, म्हणून तिने लग्नातल्यासारखं हिरवं लुगडं काढलंय. तिला काही बोलू नकोस. लोभ आहे तो तिच्याबरोबर पाठवतोय, खोक्याला भोकं पाडून.

आबा

आंजर्ले
३१ ऑगस्ट

ती. स्व. आबा यांस समीक्षाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

आजी सत्यमबरोबर परत निघतेय, टेम्पो उभा आहे आणि मी बोनेटवर कागद ठेवून लिहितेय. सगळं नीट लिहा म्हणालात, म्हणून नीट लिहिते.

आजी उतरली तेव्हा सबंध बंदर तिच्याकडे बघत होतं. हिरवं लुगडं, मांडीवर खोकं. वाटेत खोक्याशी एवढं बोलली, की सत्यम म्हणतो, गाडीत रेडिओ लावायची वेळच आली नाही. माणगावला गाडी थांबवून त्याला तीन मांदेली भरवल्या आणि स्वतः चहासुद्धा घेतला नाही, पाखराला धक्का लागंल म्हणून.

आज सकाळी कड्यावर गेलो. खाली समुद्र, वारा समोरून, पश्चिमेकडून, अंगावर येणारा. ऊन आणि ढग यांची पळापळ चाललेली. आजीने खोकं उघडलं आणि त्याला दोन्ही हातांत घेतलं. मी सांगितलं, की फेकायचं नाही, नुसती ओंजळ उघडायची. तिने उघडली. तो गेला नाही, आबा. तिच्या मनगटावर चढला, बांगड्यांच्या वर, आणि वाऱ्याकडे तोंड करून बसला. चोच थोडी उघडी. पंख अर्धे उचलले आणि पुन्हा मिटले. मला वाटलं, रिठ्याचं अजून काही शिल्लक राहिलं की काय.

आजी मात्र हलली नाही. हात तसाच ताठ धरून त्याला म्हणाली, आरं, ह्यो काय भाताचा बांध न्हाई. तुजं घर म्होरं हाय, बघ की.

मग वाऱ्याची एक झुळूक आली. त्याने पंख उडवले नाहीत, नुसते उघडले, आणि वाऱ्यानेच त्याला उचललं. सरळ वर, पतंगासारखा. आमच्या डोक्यावर क्षणभर टांगल्यासारखा राहिला, कणी न कणी दिसत होती. मग उजवीकडे कलला, आमच्यावरून एक फेरी मारली, आणि डावीकडे वळून खाली पाण्यावर गेला. इतका खाली, की वाटलं, आता टेकतोच. पण टेकला नाही! पाण्याच्या हातभर वरून, लाटेबरोबर वर, लाटेबरोबर खाली, टाके घालत जावं तसा गेला. बाहेरच्या खडकाशी कुरव बसले होते, त्यांच्याकडे बघितलंही नाही. दुर्बिणीत काळा ठिपका होईपर्यंत मी पाहत होते. नंतर तोही दिसेना.

आजीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, ये रं बाबा परत. आणि लगेच तिने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. ती सांगते तेवढं तिच्या शब्दांत लिहिते: आवं, मला कुटं ठावं, पाव्हण्याला ये म्हनायचं न्हाई. म्हस याली का? रेडकाला चीक पाजला का? गोठ्यात गोणपाट टाकलं का?

टेम्पो हॉर्न देतोय. तुम्ही इथे असायला हवे होतात, हे एकच वाईट वाटतं. माया आहे, ती तुमच्याकडे परत पाठवतेय, हिरव्या लुगड्यात.

तुमची समी

कार्ले
२ सप्टेंबर

चि. समीक्षा हिस जय भीम व अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

म्हैस व्याली. पारडी झाली. तुम्ही कड्यावर होता त्याच सकाळी. मी गोठ्यात गुडघे टेकून तिला पुसत होतो, कोरड्या गोणपाटाने, रिठ्याने नव्हे. थोड्या वेळात चार पायांवर उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली. म्हटलं, तिकडे एक लेकरू जमीन सोडत असेल, इकडे एक धरतंय.

तुझं पत्र नथूला वाचून दाखवलं. उजवीकडे कलला, मग डावीकडे, हे दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, एवढं मोठं आभाळ टाकून माझ्याच खाचरात आलं, म्हंजी नावाला माझं नाव पायजे व्हतं. त्याला तुझ्या पुस्तिकेत कुठेतरी बसव, नाहीतर मला जगू द्यायचा नाही.

आजी उजव्या हाताचं मनगट अजून जपून आहे. काल भांडी घासताना मी विचारलं, दुखतंय का. म्हणाली, न्हाई वो. त्येची शेवटची जिमीन हाय ती, आता कैक वर्सं त्येला दुसरी न्हाई. तिच्याकडून परात घेतली आणि मीच घासली.

कान गेले तरी माझे डोळे शाबूत आहेत. हल्ली वारा सुटला, की मी अंगणात जाऊन वर बघतो. परवा काहीतरी काळं दिसलं आणि मी दुर्बीण आणायला आत धावलो. ती घारच होती. आपल्या घरात आलेल्या प्रत्येकाला पुन्हा या म्हणायची रीत, पण त्याला मी मनातल्या मनात रोज सांगतो, की येऊ नकोस रे बाबा, दमलास तरी येऊ नकोस, वाऱ्यावरच राहा.

तुझं मात्र तसं नाही. तू काही काजळी सुरय नव्हेस. म्हशीला तांब्याभर दूध सुटलंय, अळू माजलंय, आजीने वड्या करायचं ठरवलंय. टेम्पोत पुढे दोघांची जागा असते. तुझे पाय आपल्या अंगणाला लागू देत. लोभ तिथेच ठेव, तू ये.

तुझी वाट बघणारा
आबा